कॅटॅलिटिक कन्व्हर्टर: पैसे वसूल, पण कुणाचे?

सात-आठ वर्षं जुनी पेट्रोल गाडी आणि यूट्यूबवर गाड्यांचे व्हिडिओ बघायची सवय, या दोन गोष्टी एकत्र आल्या की एक प्रश्न हमखास पडतो. कंपनीने दिलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून त्या जागी भारीतला, 'हाय-फ्लो' वगैरे बसवला तर पैसे वसूल होतात का? आमच्या हापिसात दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हा विषय काढतंच. त्याचं सरळ उत्तर या लेखाच्या शेवटाकडे दिलेलं आहे, घाईत असलेल्यांनी खुशाल तिकडे उडी मारावी.

मला मात्र त्या प्रश्नातला 'वसूल' हा शब्द जास्त छळतो. कारण या डब्याचा सगळा इतिहास म्हणजे "एवढा खर्च परवडतो का?" याच प्रश्नाचा इतिहास आहे. गाडी कंपन्यांनी हिशेब केला, तेल कंपन्यांनी केला, गाडीमालकांनीही केला. ज्याने त्याने आपापल्या वहीत पाहिलं आणि प्रत्येकाला तो तोट्याचा सौदा वाटला. आणि या डब्यामुळे झालेला सगळ्यात मोठा फायदा यापैकी कुणाच्याच वहीत नव्हता! तर मंडळी, आजचा वीकांत या डब्याच्या नावाने.

आधी थोडक्यात, हा डबा करतो काय? इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मधे, गाडीच्या पोटाखाली (किंवा आजकाल इंजिनाला अगदी चिकटून) तो बसलेला असतो. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट असते. भोकांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरबरीत थर आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचे अतिसूक्ष्म कण. धातू एकूण काही ग्रॅमच. इंजिनातून येणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या पोळ्यातून जाताना त्यांचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन यात होतं. धातू स्वतः खर्च होत नाहीत, फक्त रासायनिक क्रिया घडवून आणतात. एकच अट, डबा अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसपर्यंत तापलेला हवा. म्हणूनच सकाळी गाडी सुरू केल्यावरची पहिली दोन-तीन मिनिटं सगळ्यात घाण.

आता गोष्ट. २६ जुलै १९४३. महायुद्ध चालू आहे आणि लॉस एंजेलिसवर अचानक डोळे चुरचुरवणारा तपकिरी धूर उतरतो. काही लोकांना वाटलं जपान्यांनी वायुहल्ला केला. मग संशय गावातल्या कृत्रिम रबराशी संबंधित एका कारखान्यावर गेला. कारखान्याचा बंदोबस्त केला तरी धूर येतच राहिला. खरा गुन्हेगार शोधला तो आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञाने, तोही कॅलटेकमधे अननसाच्या स्वादाचं रसायनशास्त्र अभ्यासत असताना! १९५० च्या सुमारास त्याने दाखवून दिलं की गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि डोळे जाळणारा तो धूर असा बनतो. म्हणजे गुन्हेगार प्रत्येकाच्या दारात उभा होता. गाडी कंपन्यांना हे पटायला बराच वेळ लागला, हे सांगायला नकोच.

हे वाचून एक माणूस कामाला लागला. युजीन हूद्री, फ्रेंच इंजिनीयर. कच्च्या तेलापासून उत्प्रेरक वापरून उत्तम पेट्रोल काढायची त्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या विमानांना फार उपयोगी पडली होती. म्हणजे ज्याने पेट्रोल चांगलं केलं, तोच आता त्याचा धूर चांगला करायला निघाला. १९५० च्या आसपास त्याने ऑक्सी-कॅटॅलिस्ट नावाची कंपनी काढली आणि १९५६ साली त्याला गाडीच्या कन्व्हर्टरचं अमेरिकन पेटंट मिळालं. गोदामात फिरणाऱ्या फोर्कलिफ्टवर त्याचे डबे व्यवस्थित चालले. रस्त्यावरच्या गाड्यांवर मात्र लवकरच मरायचे.

का? पेट्रोलमधलं शिसं.

ही भानगड १९२१ ची. जनरल मोटर्समधे काम करणाऱ्या टॉमस मिजली याला शोध लागला की पेट्रोलमधे टेट्राएथिल लेड चिमूटभर घातलं की इंजिनाचं नॉकिंग थांबतं. १९२३ पासून ते विकायला लागले. १९२४ मधे न्यू जर्सीतल्या बेवे इथे हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले, थोडी आरडाओरड झाली, आणि धंदा पुन्हा चालू झाला. शिसं विषारी हे रोमन काळापासून माहीत असलेलं ज्ञान. पण स्वस्तात ऑक्टेन वाढत होता ना! पुढची पन्नास वर्षं जगभरच्या गाड्या शहरांवर शिशाची बारीक धूळ उडवत फिरल्या. हेच शिसं हूद्रीच्या डब्यात जाऊन धातूंवर थर धरायचं आणि उत्प्रेरक निकामी करायचं. टाकीभर शिशाचं पेट्रोल अधूनमधून गेलं तरी डब्याचं आयुष्य झपाट्याने घटायचं. हूद्री १९६२ मधे गेला. त्याचा डबा गाड्यांत सर्रास बसलेला त्याने पाहिला नाही.

मधल्या काळात गाडी कंपन्या काय करत होत्या? १९६४ साली कॅलिफोर्नियाने बाहेरच्या उत्पादकांच्या चार उपकरणांना मान्यता दिली, त्यावर कंपन्या म्हणाल्या राहू द्या, आम्हीच इंजिनात थोडे बदल करून भागवतो. जानेवारी १९६९ मधे तर अमेरिकन सरकारने त्यांच्यावर खटलाच भरला, की प्रदूषण रोखणारी उपकरणं लांबवण्यासाठी तुम्ही आपापसात संगनमत केलंत. तो खटला त्याच वर्षी तडजोडीने मिटला. त्यांच्या बाजूने बघितलं तर कारण साधं होतं. गिऱ्हाईक वेग बघतं, रंग बघतं, मायलेज बघतं. "आमच्या गाडीमागून चालणाऱ्याला खोकला कमी येईल" या जाहिरातीवर गाडी कोण घेणार? खर्च एकाचा आणि फायदा भलत्याचाच, असा प्रकार बाजारावर सोडून चालत नाही. तिथे कायदाच लागतो.

तो कायदा आला ३१ डिसेंबर १९७० ला. सिनेटर एडमंड मस्की यांनी रेटलेल्या क्लीन एअर ॲक्टने सांगितलं की १९७५ च्या मॉडेलपर्यंत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन नव्वद टक्के कमी करा. हे कसं करायचं याचं तंत्र तेव्हा कुणाकडेच तयार नव्हतं. डेडलाइन आधी जाहीर, डिझाइन नंतर! (आपल्या धंद्यातल्या लोकांना हे नवीन नाही.) कंपन्यांनी आकाशपाताळ एक केलं, कारखाने बंद पडतील म्हणाल्या. १९७३ मधे पर्यावरण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे, प्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनी एक वर्षाची सवलत दिली, पण मधल्या काळासाठीचे नियमही कडक ठेवले. गंमत म्हणजे तोवर होंडाने आपल्या सीव्हीसीसी इंजिनावर, कन्व्हर्टर न लावताच, १९७५ ची परीक्षा पास करून दाखवली होती. "अशक्य" या शब्दाची हवाच गेली.

आणि मग इंजिनीयर मंडळी कामाला जुंपली. कॉर्निंग कंपनीतल्या बॅग्ली, लॅकमन आणि लुइस या तिघांनी ती पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट बनवायची पद्धत काढली. धग लागली की फुटणार नाही आणि वायूला अडवणार नाही अशी वीट, हे सोपं काम नव्हतं. एंगलहार्ड कंपनीतले जॉन मूनी आणि कार्ल कीथ यांनी तिन्ही प्रदूषकं एकाच डब्यात निकालात काढणारा 'थ्री-वे' कन्व्हर्टर बनवला. पण त्याला हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण काटेकोर लागतं, एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा. कार्ब्युरेटरला हा काटेकोरपणा कुठून जमणार? मग बॉशने ऑक्सिजन सेन्सर आणला. तो धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि इंजिनाला सतत सांगत राहतो, पेट्रोल वाढव, कमी कर, वाढव, कमी कर. १९७७ च्या मॉडेलच्या व्हॉल्वो गाड्या कॅलिफोर्नियात हे सगळं घेऊन उतरल्या. आज आपल्या गाडीत संगणक बसलाय त्यामागे या फीडबॅक लूपचा हात मोठा आहे.

पण माझ्या मते खरी उलथापालथ डब्याच्या बाहेर झाली. शिशाच्या पेट्रोलवर डबा टिकत नाही म्हटल्यावर पेट्रोलच बदलावं लागणार. जानेवारी १९७० मधेच जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांनी पेट्रोलमधून शिसं काढा अशी मागणी केली. ज्या कंपनीत शिशाचा शोध लागला, जिने ते विकणारी कंपनी सहमालकीने काढली होती, तीच आता हे म्हणत होती! (आपला हिस्सा त्यांनी १९६२ मधे विकून टाकला होता, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.) जुलै १९७४ पासून अमेरिकेत मोठ्या पंपांवर शिसेविरहित पेट्रोल ठेवणं सक्तीचं झालं. चुकून शिशाचं भरलं जाऊ नये म्हणून नव्या गाड्यांच्या टाकीचं तोंड अरुंद केलं आणि अनलेडेडच्या नळ्या बारीक. तरी लोकांनी काय करावं? शिशाचं पेट्रोल गॅलनमागे काही सेंट स्वस्त होतं, म्हणून टाकीच्या तोंडातली अडण तोडून तेच भरायचे आणि स्वतःच्या हाताने स्वतःचा कन्व्हर्टर मारायचे. काटकसर ही जागतिक भावना आहे.

आता रक्ताची गोष्ट. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकेत एक मोठी राष्ट्रीय आरोग्य पाहणी चालू होती, त्यात लोकांच्या रक्तातलं शिसंही मोजलं जात होतं. त्या चार वर्षांत ते सरासरीने सुमारे ३७ टक्के उतरलं. पेट्रोलमधे वापरल्या जाणाऱ्या शिशाचा आलेख आणि रक्तातल्या शिशाचा आलेख जवळजवळ एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकत खाली आले. शिसं कमी करण्याचे वेगळे नियम १९७३ पासून होतेच, सगळं श्रेय डब्याचं नाही. पण पंपावर शिसं नसलेलं पेट्रोल मुळात आलं ते डब्यासाठी. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतं, आणि एकदा झालेलं नुकसान भरून येत नाही. हे नुकसान कन्व्हर्टरच्या किमतीवर भांडणाऱ्यांपैकी कुणीच मांडलं नव्हतं.

पुढे ते मांडलं गेलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन सरकारात शिशाचे नियम सैल करण्याचा विचार चालू होता. ईपीएच्या लोकांनी खर्च आणि फायद्याचा रीतसर हिशेब केला आणि १९८५ मधे प्रसिद्ध केला. त्यात फायदा खर्चाच्या दसपटीहून जास्त निघाला. मुलांवरचे उपचार, शाळेतलं खास शिक्षण, मोठ्यांचा रक्तदाब आणि कमी झिजणारी इंजिनं, सगळं धरून. नियम सैल व्हायच्याऐवजी गॅलनला १.१ ग्रॅमवरून जानेवारी १९८६ पासून ०.१ ग्रॅमवर आले. वही तीच, फक्त तिच्यात राहिलेले रकाने भरले. १ जानेवारी १९९६ पासून तिथे रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल पूर्ण बंद झालं.

आपल्याकडे हे नाटक वीस वर्षं उशिरा आणि थोड्या घाईत झालं. एम. सी. मेहता यांनी १९८५ मधे केलेल्या याचिकेच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने रेटा लावला आणि १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याच दिवसापासून तिथे शिसेविरहित पेट्रोल. पण देशात इतरत्र? संपूर्ण देशात शिशाचं पेट्रोल बंद व्हायला १ फेब्रुवारी २००० उजाडलं. मधली जवळजवळ पाच वर्षं मुंबईची नवी गाडी गणपतीला कोकणात निघाली की वाटेत कुठलं पेट्रोल मिळेल याची खात्री नाही. त्यात कित्येक गाड्या अजून कार्ब्युरेटरवाल्या, म्हणजे सेन्सरचा फीडबॅक नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर लायब्ररीचं नवं व्हर्जन टाकलं, पण ती ज्यांच्यावर चालते त्या अर्ध्या गोष्टी जुन्याच ठेवल्या. कन्व्हर्टर नीट कामाला लागला तो पुढे इंधन आणि इंजिन दोन्ही सुधारल्यावर. पेट्रोलमधलं गंधकही उत्प्रेरकाला बाधतं. ते बीएस-२ मधे दहा लाखात ५०० भाग चालायचं, बीएस-४ मधे ५० आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मधे १०.

पण त्या अर्धवट, उशिराच्या उपायानेही काय झालं बघा. १९९७ मधे जॉर्ज फाउंडेशनच्या पाहणीत मुंबईतल्या तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या रक्तात शिसं तेव्हाच्या धोक्याच्या पातळीवर (डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम) किंवा त्याच्या वर होतं. शिशाचं पेट्रोल गेल्यानंतर मुंबईतच बारा वर्षांखालच्या साडेसातशे मुलांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ मधे छापून आले. आकडा ३३ टक्क्यांवर आला होता. दोन्ही वेळची मुलं वेगळी, आणि रंग, भांडी, जुन्या बॅटऱ्या असे शिशाचे इतर स्रोत आहेतच, त्यामुळे फार छाती फुगवायला नको. ३३ टक्के हाही काही अभिमानाचा आकडा नाही. तरी ही उतरण छोटी नव्हे. नव्वदच्या दशकात मुंबईत लहानाचे मोठे झालेले माझ्या वाचकांत बरेच असतील. तुमच्या वर्गात साठ मुलं असतील तर त्या टक्केवारीने किती बसतात, तुम्हीच मोजा.

आता मूळ प्रश्न. कंपनीचा कन्व्हर्टर ठणठणीत असेल तर 'अपग्रेड' करू नका. पैसे वसूल होत नाहीत. हाय-फ्लो म्हणजे बहुतेक वेळा पोळ्याची भोकं मोठी आणि संख्येने कमी, चौरस इंचाला चारशेच्या जागी दोनशे वगैरे. वायूला अडथळा कमी, पण धातूशी गाठ पडायची संधीही कमी. साध्या, टर्बो नसलेल्या फॅमिली गाडीत यातून मिळणारी ताकद फार तर काही हॉर्सपॉवर, जी सिग्नलवर सोडा, एक्स्प्रेसवेवरही जाणवायची नाही. जाणवेल तो आवाज. वर दुसऱ्या ऑक्सिजन सेन्सरला संशय आला की डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागणार. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात फेरफार करू देत नाही. "पीयूसीत तर पास झाली" हा युक्तिवाद लंगडा आहे, कारण पेट्रोल गाडीच्या पीयूसीत नायट्रोजनची ऑक्साइडं मोजतच नाहीत.

कन्व्हर्टर खरंच मेला असेल तर मात्र हात आखडू नका. आधी तो का मेला ते शोधा. मिसफायर होऊन कच्चं पेट्रोल आत जाऊन वीट वितळली का? इंजिन ऑइल पितंय का? मूळ दुखणं तसंच ठेवून नवा डबा लावला तर तोही त्याच वाटेने जाईल. प्लग, कॉइल, सेन्सर नीट करून मग मूळ प्रतीचाच डबा घ्या. अगदी स्वस्तात मिळणाऱ्या डब्यात बहुधा कमी पडतो तो धातूच. आणि जुना डबा गॅरेजमधे असाच सोडून येऊ नका. ऱ्होडियमचा भाव मार्च २०२१ मधे औंसाला जवळजवळ तीस हजार डॉलरवर गेला होता. नंतर तो बराच उतरला, पण अमेरिकेत आणि ब्रिटनमधे लोक रात्री गाडीखाली झोपून करवतीने डबे कापून नेत होते ते उगाच नाही. भंगारातही त्याला किंमत आहे, ती बिलातून वळती करून घ्या.

"पण मेलेला डबा काढून सरळ पाइप लावला तर मला काय फरक पडतो?" असंही मित्रमंडळी विचारतात. खरं सांगायचं तर तुम्हाला फारसा पडत नाही. तुमच्या मागे स्कूटरवर असलेल्याला पडतो. त्या स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या पोराला पडतो, आणि त्याची उंची नेमकी सायलेन्सरच्या धुरात असते.

जाता जाता, जगातल्या पंपांवर गाड्यांसाठी विकलं जाणारं शेवटचं शिशाचं पेट्रोल अल्जीरियात जुलै २०२१ मधे संपलं. मिजलीच्या शोधानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. शंभर वर्षांपूर्वीच कुणी सगळे रकाने भरून हिशेब केला असता तर बरं झालं असतं. असो. चहा गार झाला, आणि गाडीचं सर्व्हिसिंग अजून बाकी आहे.